गाठीवर बोट

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे फिनाईलच्या शिशीले सुतळी बांधली. यापेक्षा चांगलं काही सांगता आलं असतं तर मी सांगितलं असतं. लोकं सांगतात, शेवटी आम्ही देवदर्शन केलं, शेवटी आम्ही एका ताटात जेवलो. आमच्या वाट्याले फिनाईल आलं.

संध्याकाळ होती. बायको घरासमोरच्या सपरीत पाय लांब करून बसली होती. शिशी दोन पायांच्या मधात धरलेली. सुतळीचे दोन वेढे शिशीच्या मानेले दिले अन् मले हाक मारली, "अजी, या इकडे. गाठीवर बोट ठेवा."

मी म्हटलं, "ज्या बाईले झाकण लावलेल्या शिशीचा वास चार घरांवरून येते, तिले दोरी कायले पाहिजे वो?"

"बोट ठेवा म्हटलं, तोंड चालवा नाही म्हटलं."

मी बोट ठेवलं. तिनं गाठ ओढली ती माझ्या बोटासकट ओढली. मी ओरडलो.

"काढा ना मंग," ती म्हणाली, "गाठ बसली तरी ठेवून बसले."

शिशी फळीवर गेली. आम्ही जेवलो, झोपलो. सकाळी मी उठलो, ती उठली नाही. डॉक्टर म्हणाले, झोपेतच गेल्या, त्यांना काही समजलं नसेल. मले हे पटत नाही. तिले न समजता तिच्याजवळ काही येऊ शकत नव्हतं. मरणालेही काही वास असनच, अन् तो तिले दारातच आला असन.

कारण त्या बाईले नाक होतं. नाक सगळ्यांलेच असते, पण आपलं नाक चेहऱ्यावर असते, तिचं नाक गावभर असे. बाजारातून आणलेली वस्तू आधी तिच्या नाकाखालून जायची. कांदे, लुगडं, चप्पल, पोरीची नवी वही, सगळं. पाहुणा आला की पाणी द्यायच्या निमित्तानं वाकायची अन् हळूच वास घ्यायची. मंग आत येऊन मले सांगायची, "हे ट्रॅक्टरवर बसून आले अन् मोटरसायकलनं आलो म्हणून सांगून राहिले." पाहुणा गेल्यावर मी चौकशी करायचो. ट्रॅक्टरच निघायचं.

मी साकोलीवरून आलो की ती विचारायची नाही, सांगायची. "बसस्टँडसमोर बसले होते. आलूबोंडे खाल्ले. दोन." दोन कसे समजले हे मले आजपर्यंत समजलं नाही. एका आलूबोंड्याचा अन् दोन आलूबोंड्यांचा वास वेगळा येते का?

गोंदिया वेगळा जिल्हा झाला तेव्हा तिचं माहेर तिकडे गेलं अन् आम्ही भंडाऱ्यात राहिलो. ती म्हणाली, "आता मी परजिल्ह्याची झाली. माह्याशी नीट बोलत जा." तेव्हा ती माहेरी जाऊन पंधरा दिवसांनी परत आली. मी विचारलं, "कसा काय आहे नवा जिल्हा?"

"पाट्या नव्या आहेत," ती म्हणाली. "शेणाचा वास जुनाच आहे."

आता माझी गोष्ट सांगतो, कारण तिच्या नाकाची गोष्ट माझ्या नाकाशिवाय पुरी होत नाही. मले वास येत नाही. अजिबात नाही. आठ-नऊ वर्षांचा असताना मोहाच्या झाडावर चढलो होतो. मोहफुलं आपोआप खाली पडतात, चढायची काही गरज नसते, तरी चढलो. फांदी हलवली, फुलांच्या आधी मीच पडलो, डोक्याच्या मागच्या बाजूवर. दोन दिवस शुद्ध नव्हती. उठलो तर सगळं जागेवर होतं. नाकही होतं, पण दिसायपुरतं. पडता पडता जो वास नाकात शिरला तो मोहफुलाचा. गोड, थोडा आंबूस, थोडा दारूकडे झुकलेला. तेवढा एकच वास माझ्यापाशी आहे, अन् तोही आठवणीतला.

जीभ चालते. गोड, खारट, आंबट, कडू समजते. तिखट तर साऱ्या अंगाले समजते. पण तुरीचं वरण कोणतं अन् लाखोरीचं कोणतं, हे मी पाहून सांगतो. अंधारात वाढलं तर सांगता येत नाही.

याचा मले फायदाही झाला. मी उसन्या तांदळाच्या मिलमध्ये कामाले होतो. उसना तांदूळ करायले धान गरम पाण्याच्या हौदात भिजवतात. ते पाणी असं घाण मारते म्हणे की नवा माणूस दुपारपर्यंत टिकत नाही. मी हौदात उतरून गाणं म्हणायचो. मालक चार लोकांत सांगायचा, "असा मेहनती माणूस पाहिला नाही. नाक मुरडत नाही." मुरडायले काही यायले तर पाहिजे. हौदातला दाणा दोन बोटांत दाबून मी सांगायचो, झाला का कच्चा आहे. मिलमध्ये माझ्या बोटांले मान होता. नाकाचं कोणी विचारलं नाही.

नाकाचं विचारलं ते लग्नात.

तिच्या गावी मुलगी पाहायले गेलो. त्या पोरीनं आधी दोन पोट्टे नापास केले होते, हे मले बसमध्ये समजलं. एकाच्या अंगाले गांजाचा वास आला. दुसऱ्याच्या अंगाले काहीच वास आला नाही म्हणे, म्हणून तो घमंडी आहे असं ठरलं. पोहे झाले, चहा झाला. मंग तिच्या मोठ्या भावानं तांदळाचे दोन गंज आणून ठेवले, वर फडकं. म्हणे, "आमच्या बाईची अट आहे. फडक्याखाली हात घाला, मूठभर काढा, वास घ्या अन् सांगा, चिन्नोर कोणता?"

चिन्नोर म्हणजे आमच्याकडचा वासाचा तांदूळ. एका घरी शिजला तर गल्लीले समजते. मले समजत नाही. पण फडक्याखाली हात घातला अन् बोटांनी काम केलं. एका गंजात दाणा लांब, जाडा. दुसऱ्यात बारीक, आखूड, गुळगुळीत. बारीक वाली मूठ काढली, डोळे मिटले, नाकाशी नेली अन् जोरात श्वास ओढला. त्यात एक दाणा नाकात गेला, तो घरी आल्यावर निघाला. मी म्हटलं, "हाच चिन्नोर. वा! मोहफुलावानी वास येते."

सगळे एकमेकांकडे पाहायले लागले. चिन्नोरले मोहफुलाचा वास येत नाही, हे मले कसं समजणार? पण उत्तर बरोबर होतं. आत बांगड्या वाजल्या. मी पास झालो.

तेव्हापासून मोहफूल माझ्या मागं लागलं. ती भाजी फोडणीले टाकायची अन् विचारायची, "वास कसा येऊन राहिला?" मी म्हणायचो, मोहफुलावानी. नवा साबण आणला, मोहफुलावानी. पोरगी झाली, तिची टाळू हुंगायले दिली, तरी मोहफुलावानी. ती कमरेवर हात ठेवून म्हणायची, "तुमच्या नाकात मोहाचं झाड उगलं का?"

खरं काहून नाही सांगितलं, असं कोणी विचारलं तर सांगतो. पहिल्या दिवशी खोटं बोललो. दुसऱ्या दिवशी सांगायले लाज वाटली. तिसऱ्या दिवसापासून जमून गेलं. अन् भीती होती. त्या बाईचं सारं मोठेपण नाकात. सणावाराले ती चिन्नोर शिजवायची, झाकण उघडायची अन् माझ्या तोंडाकडे पाहायची. तिले समजलं असतं की इतके वर्षं आपण चिन्नोर भिंतीले खाऊ घातला, तर तिनं काय केलं असतं? माहेरी गेली असती तर एक वेळ चाललं असतं. तिनं चिन्नोर शिजवणं बंद केलं असतं तर ते मले चाललं नसतं. मले तो वास येत नव्हता, पण ती झाकण उघडायची तेव्हाचं तिचं तोंड दिसत होतं.

मिलमधून आलो की ती मले आत घ्यायची नाही. वाडीच्या कुंपणापाशी दोन बालट्या पाणी अन् साबण ठेवलेला असे. "हौद तिकडेच ठेवून या," असं ओरडायची. मिल सुटली, मी घरी बसलो. वर्षभरानं एक दिवस जवळून गेली अन् थांबली. म्हणाली, "आता कुठं तुमचा स्वतःचा वास येऊन राहिला."

"कसा आहे?"

"सांगत नसते."

लई विचारलं. नाही सांगितलं. म्हणे, सांगितलं तर डोक्यात जाईन तुमच्या.

गावात लग्न असलं की पहिले तिले बोलावणं. पंगत बसायच्या आधी ती मांडवामागं जायची, एकेका गंजावर वाकायची अन् म्हणायची, वाढा. किंवा म्हणायची, "हे तेल कालचं आहे." आचारी तिले घाबरत. साकोलीचा एक आचारी आमच्या गावचं काम घेताना पहिले विचारायचा, "ते बाई गावात आहेत का बाहेरगावी?"

एका लग्नात तिले सर्दी झाली. आचाऱ्याले कोणी सांगितलं नव्हतं. ती नेहमीसारखी गेली, वाकली, डोळे मिटले. आचारी हात जोडून उभा. तिनं "हूं" केलं, "वाढा" म्हटलं अन् माझ्या बाजूले येऊन बसली. माझ्या कानाशी म्हणाली, "अजी, मले काहीच येऊन नाही राहिलं. नाक पुरं बंद आहे. कोणाले सांगू नका."

"मंग वाढा काहून म्हटलं?"

"शंभर लोकं बसले होते. काय म्हणू, सर्दी झाली म्हणून उपाशी राहा?" मंग पदरानं नाक पुसलं अन् म्हणाली, "कसं वाटते माहीत आहे का? सगळे लोकं काचेच्या पल्याड बसले आहेत असं वाटते. भात तोंडात जाते, पण घरी येत नाही. ज्यांले कधीच वास येत नसन ते कसे जगत असतील जी?"

मी म्हटलं, "जगतात."

त्या दिवशी सांगून टाकायचं होतं. तोंडापर्यंत आलं होतं. तेवढ्यात बुंदी आली.

घासलेटची गोष्ट तर मले मारून टाकत होती. एकदा साळा आला होता. मी अंघोळ केली, फळीवरची शिशी घेतली, डोक्याले तेल चोपडलं अन् भांग पाडून साळ्याच्या बाजूले बसलो. त्यानं बिडी काढली, आगपेटी काढली. ती आत चुलीपाशी होती. तिथून धावत आली, हातात उलथणं. "दादा, काडी ओढू नोको! ह्यांच्या डोक्यात घासलेट आहे!"

साळ्यानं काडी टाकून दिली अन् म्हणाला, "जवाईच्या डोक्यात काही आहे हे मले आजच समजलं."

तिनं माझं डोकं तीन वेळा धुतलं. धुताना एवढंच विचारलं, "लावताना समजलं नाही?"

"सर्दी आहे," मी म्हटलं.

"बरं," ती म्हणाली. तिचं बरं लई वेळ माझ्या डोक्यावर होतं.

मंग मास्तर आला. साकोलीच्या एका कॉलेजात मानसशास्त्र शिकवायचा, आमच्या समोरच्या खोलीत राहायचा. पोरगेला होता, नागपूरचा. लपून सिगारेट प्यायचा, जे तिले पहिल्याच दिवशी समजलं. त्यानं तिच्या नाकाची कीर्ती ऐकली अन् म्हणाला, "काकू, मला तुमच्यावर एक प्रयोग करायचा आहे."

"दुखते का?"

"नाही."

"मंग करा."

रविवारी सपरीत अर्धं गाव जमलं. मास्तरनं आलू, सफरचंद अन् कांदा यांच्या बारीक फोडी केल्या. तिचे डोळे बांधले अन् म्हणाला, आता नाक दाबून धरा. पहिली फोड तोंडात टाकली. ती चावली, थांबली, पुन्हा चावली. म्हणाली, "सफरचंद."

तो आलू होता. लोकं हसले. दुसऱ्या फोडीले ती म्हणाली, आलू. तो कांदा होता. लोकं असे हसले की झाडावरचे कावळे उडाले. मास्तर लोकांले समजावून सांगायले लागला की चव आपल्याला जिभेवर आहे असं वाटतं, पण तिचं अर्धं काम नाकच करतं. नाक बंद केलं की जीभ अडाणी होते.

तिनं डोळ्यांवरचा रुमाल काढून फेकला. "नाक दाबून तुम्ही मले स्वर्गात नेलं तरी मी विचारीन कोणतं गाव आहे म्हणून. ही काय परीक्षा झाली? आता ह्यांची घ्या."

मले बसवलं. डोळे बांधले, नाक दाबलं. मी तिन्हीच्या तिन्ही बरोबर सांगितल्या. आलू दातात रवाळ लागते. सफरचंद गोड असते. कांद्याचे पदर सुटतात अन् जिभेले चावतात. माझी तर जिंदगी अशीच गेली होती. लोकं टाळ्या वाजवायले लागले. म्हातारा भारी निघाला म्हणे! ती माझ्याकडे अशी पाहत होती जसा मीच तो कांदा आहो.

मास्तर मात्र हसला नाही. त्यानं मले खोलीत नेलं, दार लोटलं, पुन्हा डोळे बांधले अन् नाकाखाली एक शिशी धरली. "काका, हे काय?"

"मोहफूल."

दुसरी धरली. "अन् हे?"

"हेही मोहफूलच. थोडं सुकलेलं."

तिसरी धरली. मी जरा विचार केला अन् म्हटलं, "हे दुसऱ्या झाडाचं."

मास्तरनं माझ्या डोळ्यांवरचा रुमाल सोडला. समोर लिंबाचा रस, कापूर अन् घासलेट होतं. तो म्हणाला, "काका, तुम्हाला वास येत नाही."

"मास्तर, हळू बोला."

"काकूंना माहीत नाही?"

"हळू बोला म्हटलं ना."

"अहो, सांगून टाका. यात लाजण्यासारखं काय आहे? डोक्याला मार लागला की असं होऊ शकतं."

"तुमचं लग्न झालं आहे का मास्तर?"

"नाही."

"मंग हळू बोला."

तो बोलला नाही पुढे कधी, चांगला माणूस होता. पण आम्ही दार उघडलं तेव्हा उंबऱ्यावर चहाचे दोन कप होते. चहावर साय धरली होती. ती कुठं दिसत नव्हती. मी मास्तरले म्हटलं, बाहेरच्या गडबडीत ठेवून गेली असन.

त्याच आठवड्यात तिले दोऱ्यांचं याड लागलं. फळीवरच्या एकेका शिशीले, डब्याले ती दोरी बांधायले लागली. जे खायचं नाही त्याले खरबरीत सुतळी. जे खायचं त्याले सूत. औषधाले चिंधी. मी विचारलं, हे काय नवीन? ती म्हणाली, "मास्तरनं माह्या नाकाचा भरवसा उडवला. उद्या माह्या हातून काही उलटसुलट झालं तर?"

मले लई वाईट वाटलं. लोकांसमोर बाई हरली अन् मी जिंकलो, तेही बिना नाकाचा. म्हणून मी बोट ठेवायचो. ती हाक मारायची, "अजी, गाठीवर बोट ठेवा," मी जायचो, बोट ठेवायचो, बोट अडकायचं. पंधरा वर्षं अडकलं. पण एक गोष्ट मले खटकायची. भरवसा उडाला म्हणणारी बाई अजून पाहुण्याचं ट्रॅक्टर ओळखत होती, आलूबोंडे मोजत होती. मंग दोरी कायले? विचारलं की म्हणायची, "बोट ठेवा." गॅस आला तेव्हा तिनं त्यामागच्या खिडकीचं दार खिळा ठोकून कायमचं उघडं केलं. थंडीत आम्ही कुडकुडत जेवायचो. मी म्हणायचो, याड वाढून राहिलं. ती म्हणायची, वाढू द्या.

एकदा पोरगी आली, तिले तुमसरकडे दिली आहे. मायसाठी अत्तर घेऊन आली होती. पोरगी अंघोळीले गेली तेव्हा ही माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "अजी, डोळे मिटा. पोरीनं काय आणलं त्याचा वास घ्या." मी डोळे मिटले. नाकाखाली काहीतरी धरलं. मी मोठा श्वास घेतला अन् म्हटलं, "मोहफुलावानी. पण महागाचं आहे."

ती हसायले लागली. हसता हसता खांब धरला, मंग खाली बसली, डोळ्यातून पाणी. मले वाटलं, पोरीनं आठवण ठेवली म्हणून आनंद झाला. हातात काय होतं ते तिनं पदराखाली लपवलं, मले दिसलं नाही. मांजर मात्र दिवसभर तिच्या पदरामागं फिरत होती.

तर अशी ती होती, अन् ती गेली. बाया जमल्या. पोरीनं तिचं वापरातलं लुगडं माझ्या हातात दिलं. एक म्हातारी म्हणाली, "धुऊ नोका जी. माणूस जाते, पण वास राहते काही दिवस." सगळ्या बाया रडल्या. मी आत जाऊन लुगडं नाकाले लावलं. कापड होतं. काठाची जर गालाले टोचली. मी लई वेळ ओढून पाहिलं. एवढे वर्षं मोहफूल मोहफूल करत आलो, त्या दिवशी तेही आलं नाही.

स्मशानातून आल्यावर आमच्याकडे कडुलिंबाचा पाला चावतात. बाकीचे लोकं एक पान दातांत धरून थुंकत होते. मी सगळा चावून खाल्ला. कडू मले पुरं समजते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सगळ्यांच्या आधी उठलो. जिथं तिले ठेवलं होतं तिथं दिवा लावला होता, त्याले विझू द्यायचं नसते. वात बारीक झाली होती. पोरगी बाजूलेच झोपली होती, रडून रडून आत्ताच डोळा लागला होता, म्हणून मी लाईट लावला नाही. फळीवर हात घातला, तेलाची म्हणून एक शिशी काढली. दिव्यावर वाकवणार, तर तळहाताले सुतळी लागली.

हात तिथंच थांबला. सुतळी म्हणजे घासलेट. परत ठेवली. बाजूची चाचपली. सूत लागलं. गोडं तेल. ते दिव्यात टाकलं, वात वर केली. मंग मी फळीपाशी उभा राहिलो अन् एकेका शिशीवरून हात फिरवायले लागलो. सुतळी. सूत. सूत. चिंधी. सुतळी. शेवटची शिशी परवाची, फिनाईलची. तिची गाठ अजून कडक होती.

या दोऱ्या तिच्या नव्हत्याच. तिले दोरीचं काय काम? अंधारात, झोपेत, डोळे बांधून तिनं शिशी ओळखली असती. त्या घरात बोटांनी पाहणारा एकच माणूस होता.

उंबऱ्यावरचा चहा आठवला. खिळा ठोकलेली खिडकी आठवली. अन् मांजर आठवली. ते अत्तर नव्हतं. ते सुकट होतं. मी सुकटीचा एवढा मोठा श्वास घेऊन महागाचं आहे म्हणालो होतो अन् ती खांब धरून खाली बसली होती. म्हणजे ह्या बाईले पंधरा वर्षं माहीत होतं, अन् तरी रोज झाकण उघडून मले विचारत होती, वास कसा येऊन राहिला! माझी मजा घेऊन राहिली होती!

मले राग आला. मी दिव्याकडे पाहून म्हटलं, "सांगायचं ना मंग." अन् मंग मले हसू आलं. सुतकाच्या घरात, दिव्यासमोर, एकटाच. तोंडावर दुपट्टा दाबून हसलो. किती वेळ हसलो अन् कधीपासून ते हसू राहिलं नाही, ते मले सांगता येणार नाही. दुपट्टा भिजला होता.

उजाडल्यावर पोरगी उठली. पाहुणे यायचे होते, म्हणून कोणीतरी डास मारायच्या औषधाची नवी शिशी आणून दिली होती. ती तेलाच्या बाजूले ठेवत होती. मी म्हटलं, "थांब. सुतळी आण."

तिनं आणली. मी सपरीत बसलो, शिशी दोन पायांच्या मधात धरली, मानेले दोन वेढे दिले. एकट्याच्या हातानं गाठ बसत नाही.

"बाई, गाठीवर बोट ठेव."

"बाबा, हे याड मायचं होतं. आता कायले?"

"मले वास येत नाही," मी म्हटलं.

जन्मात पहिल्यांदा म्हटलं. वाटलं होतं आभाळ कोसळन. कावळा ओरडला, बाकी काही झालं नाही.

"सर्दी झाली का?"

"नाही. येतच नाही. लहानपणापासून."

"मंग ते मोहफूल?"

"सगळं खोटं."

"अन् मायले?"

"तिले माहीत होतं." मी फळीकडे हात केला. ती फळीकडे पाहत राहिली, एकेका शिशीकडे. मंग खाली बसली अन् गाठीवर बोट ठेवलं. बोट अगदी मायसारखं, टोकाले रुंद.

"जोरात ओढू नका हां बाबा."

मी गाठ ओढली. तिचं बोट अडकलं, ती ओरडली.

"काढ ना मंग," मी म्हटलं, "गाठ बसली तरी ठेवून बसली."